कॅप्टन पुढे बसतो

शुक्रवार, ११ सप्टेंबर. शिबेनिक. संध्याकाळ.
उद्यापासून शिस्त. वाइन बंद. सिगारेट फक्त उतारावर.

अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांच्या शाळेसाठी ही राइड. झादर ते स्प्लिट, समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेकडे. सायकल दोघांची. पुढे डोळस माणूस, त्याला कॅप्टन म्हणतात, आणि मागे अंध. माझ्या मागे पेरिनाबाई. वय एकसष्ट, दृष्टी चाळिशीत गेली, जीभ शाबूत. बिचाऱ्या! मी त्यांना ओढून नेतोय हे त्यांना जाणवू न देणं, हाच माझा मोठेपणा.

परवा स्प्लिटच्या धक्क्यावर यागोदा येणार. माझी एकुलती एक मुलगी, दोन वर्षं माझ्याशी बोललेली नाही. तिच्या लग्नात मी पोचलो तेव्हा केक कापून झाला होता. माझा काय दोष? जुगो सुटला होता. तो दक्षिणेचा दमट वारा सुटला की माणसाच्या हातून काही होत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तिला पटलं नाही. मेसेज टाकलाय, ये, तुझा बाप काय चीज आहे ते बघ. उत्तर आलं: येते. एकच शब्द. आनंदाने पुढचं सुचलं नसणार.

शनिवार, १२ सप्टेंबर. सकाळ.
पाय अफलातून चालतायत! दोघांची पेडलं एकाच चेनला जोडलेली, त्यामुळे मी जरा विसावलो तरी फिरत राहतात. ही सायकल ज्याने शोधली त्याला मानलं. पेरिनाबाईंनी मागून विचारलं, कॅप्टन, पाय आणलेत ना सोबत? काळजी करतात बाई.

त्याच दिवशी, प्रिमोश्तेनच्या पुढे.
चढ. मी जोरजोरात श्वास घेतो, म्हणजे मागच्याला हुरूप येतो. बाई म्हणाल्या, धापा तुमच्या आणि घाम माझा, वाटणी छान आहे हो. विनोदी स्वभाव.

आजूबाजूचं वर्णन करून सांगणं हेही कॅप्टनचं काम. म्हणून थोडे डॉल्फिन दाखवले. बाई म्हणाल्या, तुमच्या डॉल्फिनना डुकरांचा वास येतोय. रस्ता आतल्या बाजूला कधी वळला, माझ्या लक्षातच आलं नाही.

दुपार. रोगोझ्नित्सा.
जेवताना एकच ग्लास वाइन. औषध म्हणून. दुसरा लोव्रेने आग्रह केला म्हणून. (लोव्रे आमचा आयोजक. आग्रह तोंडाने केला नाही, पण नजरेत होता.)

दुपार, नंतर.
मोठ्या चढावर द्राक्षांचा ट्रॅक्टर भेटला. ट्रॉलीची कडी एका हाताने धरली. डोकं लागतं त्याला. पेडलं थांबली तसं बाईंनी विचारलं, काय झालं? म्हटलं, उतार लागला. म्हणाल्या, उताराला डिझेलचा वास येतो हे आजच कळलं.

वळणावर कडी सुटली. दोघं गटारात. त्यांचं कोपर सोललं, रक्त बरंच आलं. मला मात्र मानसिक धक्का बसलाय, तो कुणाला दिसत नाही.

लोव्रेला सांगितलं, जुगोने आडवं केलं. पेरिनाबाई पट्टी बांधून घेत म्हणाल्या, जुगो? सकाळपासून वारा माझ्या मानेवर मागून येतोय. आता आंधळ्या माणसाशी काय वाद घालायचा!

संध्याकाळ. त्रोगिर.
शेवटच्या दिवसासाठी मागच्या सीटने आपला कॅप्टन निवडायचा, अशी इथली रीत. आम्ही रांगेत उभे, अंध मंडळी येऊन पोटऱ्या चाचपणार. पेरिनाबाई सगळ्यात आधी माझ्याकडे आल्या. दाबून बघितलं. म्हणाल्या, अगदी लोण्यासारखी हो. मी आभार मानले. तोवर बाई पुढे सरकल्या.

रांगेच्या टोकाला संध्याकाळच्या बसने आलेली एक राखीव कॅप्टन होती. तिची पोटरी दाबून म्हणाल्या, ही. मी वाकून पाहिलं.

यागोदा.

माझ्याजवळ आली. म्हणाली, बाबा, उद्या तू गाडीत बस. दोन वर्षांनी बोलली! स्वतःहून! बर्फ वितळतोय.

रविवार, १३ सप्टेंबर. सकाळ. गाडीत, सामानाबरोबर.
नवा प्लॅन. गाडीने आधी पोचायचं, धक्क्यावर उभं राहायचं, ती आली की मिठी मारायची आणि सांगायचं, यागोदा, चुकलं माझं. बस. जुगोचं नावसुद्धा काढायचं नाही. बॅगांना तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा रडू आलं. खरंच चुकलं होतं. लग्नाच्या सकाळी मी मित्रांबरोबर पत्ते खेळत बसलो होतो.

थोड्या वेळाने.
ड्रायव्हर म्हणतो, ही गाडी शेवटची. पंक्चर झालेले, थकलेले, सगळ्यांना गोळा करत जायचं. हे आधी सांगायला नको?

दुपार. स्प्लिट.
पोचलो तेव्हा भाषणं संपली होती. केक कापून झाला होता. यागोदा पेरिनाबाईंच्या कोपराची पट्टी बदलत होती. बाई म्हणत होत्या, पोरी, तुझे पाय कुणावर गेलेत गं? ती म्हणाली, आईवर.

मी समोर जाऊन उभा राहिलो. तोंडपाठ होतं सगळं. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, जुगो?

धक्क्यावर झाडाचं पान हलत नव्हतं.

मी म्हणालो, हो ना.