हातमोज्यातला कोळी

आई,

तुला उठवलं नाही, दोन दिवसांनी आज कुठे तुझा डोळा लागलाय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. आधी खा, मग दवाखान्यात ये.

धाकटीचं पोट अजून फळीसारखं कडक आहे आणि घाम थांबत नाही. काय चावलं ते कळलं तर नेमकं औषध देता येईल, असं डॉक्टर म्हणत होते. मी म्हटलं, कुणी पाहिलं नाही.

मी पाहिलं होतं. तिला चावलं त्याच्या आदल्या संध्याकाळी रोपवाटिकेतून निघताना माझ्या हातमोज्यात काळा कोळी दिसला. ते चामड्याचे हातमोजे माझे आहेत. ती रोज न विचारता घालते, आणि तू म्हणतेस, "लहान आहे, घेऊ दे." सायकल घेऊ दे, खिडकीजवळची खोली घेऊ दे. मी हातमोजा तसाच खुंटीला अडकवला. वाटलं, एकदा चावला की विचारायची सवय लागेल. इतकं होईल असं वाटलं नव्हतं गं.

आणि खरं सांगते, काल तू तिचे पाय चोळत होतीस तेव्हाही माझा जळफळाटच झाला. माझ्या उशाशी इतका वेळ कधी बसलीस, आठवून बघ.

कोळी आज सकाळी त्याच खुंटीमागे सापडला. बरणीत घालून नेतेय. डॉक्टरांना सगळं सांगणार आहे.

आलीस की नेहमीसारखी आधी तिच्याकडेच जा. मी बाहेर बाकावर असेन. वेळ मिळाला तर माझ्याकडेही ये, ओरडायला का होईना.

थोरली