बाराव्याच्या पानाला शिवलेली कोंबडी

तीर्थस्वरूप शेवंतीमावशीस,
सान्वीचे साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. गेल्या वर्षी मी तुझ्यासमोर एकच वाक्य बोलले आणि तू न जेवता पिशवी उचलून दिव्याला तुझ्या घरी निघून गेलीस. तेव्हा चार पाने लिहिल्यावर काय होईल, ही भीती मला आहेच. फोन करून पाहिले, परंतु माझे नाव दिसले की तुझा फोन नुसता वाजत राहतो. (वडीलधाऱ्यांना पत्रात ‘आपण’ लिहावे असे शाळेत शिकवले होते. तसेही लिहून पाहिले. वाचताना बँकेने तुला नोटीस धाडल्यासारखे वाटू लागले, म्हणून तो कागद फाडला.) तुझे गुडघे कसे आहेत? तुमच्या इमारतीत पाणी अजून तिसऱ्या दिवशीच येते का, आणि आले की हंडे कोण भरते? इकडे बाबा आणि मी खुशाल आहोत, असे लिहायची पद्धत आहे.

आईच्या बाराव्याला जे घडले ते तू डोळ्यांनी पाहिलेस, तरीही ते क्रमाने लिहिते, कारण माझा अपराध त्या क्रमातच आहे. वडे, काळ्या वाटाण्यांचे सांबार आणि भात असे कावळ्याचे पान आपण मागच्या अंगणातल्या भिंतीवर ठेवले होते. कावळा समोर शेवग्यावर बसला होता आणि काही केल्या उतरत नव्हता. मग रीतीप्रमाणे एकेकाने आईला वचने द्यायला सुरुवात केली. तू म्हणालीस, सान्वीचे लग्न मी लावून देईन. कावळ्याने मान फिरवली. बाबा म्हणाले, तुझी बाग मोडणार नाही, कोंबड्या विकणार नाही. कावळ्याने फांदीवर चोच पुसली. शेजारच्या चित्राकाकूंना तर एवढा गहिवर आला, की आईकडून तीन वर्षांपूर्वी नेलेली खवणी उद्याच परत करीन असे त्या सर्वांसमक्ष बोलून गेल्या. (अद्याप केलेली नाही.) मग सर्वांनी हात जोडून डोळे मिटले, आणि ते उघडतात तो भिंतीवर आईची लाडकी तांबडी कोंबडी उभी! अर्धा वडा तिच्या चोचीत होता.

बाबा ओरडले, “आली! शेवंतीताई, बघा, आली तुळसा!”

“कोंबडी आली ती, दाजी, वड्याला आली!” तू म्हणालीस. “माझ्या बहिणीची कोंबडी करताय होय?”

तिथून पुढे आवाज चढत गेले. पान शिवले की नाही, हा प्रश्न अखेर माझ्याकडे आला, कारण दहावीला मराठीत पहिली आलेली मुलगी घरात असताना दुसऱ्या कोणाला विचारायचे? मी म्हणाले, “पुस्तकाच्या दृष्टीने पाहिल्यास कावळा आणि कोंबडी हे दोन्ही पक्षीवर्गातच येतात.” तू म्हणालीस, “शिकवा, अजून शिकवा हिला!” आणि गेलीस.

त्यानंतरचे वर्ष कसे गेले म्हणून सांगू? तांबडीला या घरात जो मान मिळाला, तो आईला हयातीत मिळाला असता तर ती घाबरून माहेरी निघून आली असती. पहिला घास तांबडीचा. पावसाळ्यात खुराड्याला गळती लागली, तेव्हा तिचा मुक्काम बाबांच्या खुर्चीत आणि बाबा स्टुलावर. शेवग्याची फांदी तोडायची असो की अळूची जागा बदलायची असो, बाबा तिच्यासमोर उकिडवे बसून विषय मांडतात. (ती बहुधा नकार देते. त्यामुळे अंगणातून दोरीपर्यंत जायची वाट उरलेली नाही आणि ओले कपडे आम्ही पुढच्या दारी वाळत घालतो.) तिच्या अंड्यांना हात लावायचा नाही, असा नियम झाल्याने ती वर्षातून तीनदा खुडूक बसली आणि आता आमच्याकडे माणसे दोन व कोंबड्या एकोणीस आहेत. एकदा संध्याकाळी दाणे टाकताना बाबांनी चुकून तिला आईच्या नावाने हाक मारली. मग उरलेले दाणे त्यांनी एकेक करून तिच्यापुढे टाकले.

आता लिंबांविषयी. आपल्याकडे दुखवट्याच्या वर्षी घरात लोणचे घालत नाहीत, ते गेलेल्या बाईच्या माहेराहून यायचे असते आणि वर्ष सरल्यावरचे पहिले लोणचेही माहेरच्याच हाताने घालायचे असते, हे मी तुला सांगणे म्हणजे नळाला पाणी दाखवणे आहे. तू रागावलेली असल्यामुळे ते आले नाही. याबद्दल तक्रार नाही. परंतु लिंबाच्या झाडाला सुतक समजत नाही. फांद्या वाकल्या, फळे पिवळी होऊन खाली पडू लागली आणि आईच्या हातचे झाड असे वाया जाताना पाहवेना. तेव्हा मी वाचनालयातून फळे टिकवण्याविषयीचे एक पुस्तक आणले आणि मनाशी असा युक्तिवाद केला, की त्यात या क्रियेला ‘परिरक्षण’ म्हटले आहे, लोणचे असा शब्द कुठेही नाही. सबब रीत मोडत नाही. पुस्तकात बरणी निर्जंतुक करावी असे होते. मी आईची चिनी मातीची बरणी उकळत्या पाण्यात सोडली आणि ती मधोमध दुभंगली. (तिचे दोन्ही भाग जपून ठेवले आहेत. एकात बाबांनी पुदिना लावला.) दुसऱ्या खेपेला काचेची बरणी घेतली, लिंबे तराजूवर जोखली, मीठ पुस्तकाप्रमाणे घातले आणि रोज सकाळी झाकण उघडून, चमच्याने ढवळून, रंग, वास व चव वहीत टिपून ठेवली. एकविसाव्या दिवशीची नोंद ‘बुरशी’ अशी आहे. चित्राकाकू म्हणाल्या, “अगं बाय, लोणच्याला एकटं सोडायचं असतं. आजाऱ्यासारखं काय उघडून बघतेस?” मला त्यांचे म्हणणे पटले. पण आजारी माणसाकडे आम्ही वेळेवर पाहिले असते तर, असेही वाटले.

मावशी, आता ज्यासाठी क्षमा मागायची, ते लिहिते. सर्वांनी डोळे मिटले होते, तेव्हा माझे उघडे होते. कोल्हापूरला ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात मला जागा मिळाली होती, हे आईला ठाऊक होते. तिनेच अर्जावर हळद लावली होती. मी मनातल्या मनात म्हणाले, “आई, मी जाईन.” तोच कावळा उतरला. त्याने वड्याचा तुकडा उचलला आणि तो शेवग्यावरून पलीकडे उडून गेला. तांबडी नंतर आली. तिने खाल्ले ते उष्टे.

हे मी तेव्हाच सांगितले असते तर तू जेवून गेली असतीस. परंतु सांगितले असते, तर ‘सान्वी, तू मनात काय म्हणालीस?’ असे सर्वांनी मला विचारले असते आणि मग जावे लागले असते. त्या दिवशी बाबांकडे पाहून ते धैर्य झाले नाही. म्हणून पक्षीवर्गाचे वाक्य बोलले. जागाही सोडून दिली. आईला दिलेला शब्द मोडला, तुला उपाशी घालवले आणि बाबांना वर्षभर एका कोंबडीच्या स्वाधीन केले, एवढे सगळे एका वाक्यात कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

लहान तोंडी फार मोठा घास झाला. तुझ्या पायांवर डोके ठेवते.

तुझी,
सान्वी

ता. क. : येत्या शनिवारी, १७ तारखेला, आईचे वर्षश्राद्ध आहे. बाबांनी तुला कळवले नसेल. रोज कळवायचे म्हणून फोन हातात घेतात आणि किती वाजले ते पाहून ठेवून देतात.

ता. क. दुसरा : कैऱ्या उतरवण्याजोग्या झाल्या आहेत. आई मीठ मुठीने घालायची. माझी मूठ लहान पडते. आमच्याकडे पाणी रोज येते, हेही नमूद करते.

ता. क. तिसरा : यंदा पुन्हा अर्ज केला होता, जागा मिळाली आहे आणि दोन जूनला वसतिगृहात हजर व्हायचे आहे. बाबांना अद्याप सांगितलेले नाही. ते तुझ्यादेखत सांगावे असे ठरवले आहे आणि त्यानंतर तू काही महिने इथेच राहावेस अशी विनंती आहे. कारण तू समोर असलीस की ते रडत नाहीत, भांडतात.

वर्तकनगर, ठाणे. पत्र पेटीत टाकले : शनिवार, १० मे २०२५, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे.