निवडुंगाची बरणी

कोलंबस, ओहायो
२१ नोव्हेंबर १९९६

प्रिय राकेशदादा,

सप्रेम जय भीम.

दहा दिवस तू फोन उचलत नाहीस. घरीही नसतोस असं तुमच्या शेजारच्या लतिकाकाकूंकडून कळलं, पण ऑफिसला जातोस. म्हणून हे ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. कुशल अजून हॉस्पिटलमध्येच आहे. काल दुपारी त्याचा ऑक्सिजन काढला. तुला कोणी कळवलं की नाही, ठाऊक नाही, म्हणून हे आधी लिहिलं.

बाकीचं क्रमाने लिहिते. तुझं पत्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलं. नर्सरीतून आणलेला निवडुंग, स्वयंपाकघरातली बरणी, त्यातून काढायची ती नशा, आणि जे वेगळं व्हायला हवं ते होत नाही ही तक्रार. ‘मॅडम, तुमच्या पीएच.डी.चा गरिबाला काही उपयोग होऊ द्या,’ असं तू लिहिलं होतंस. खाली कुशलचा निरोप : ‘एवढ्या मेहनतीत मी पन्नास माणसांचं सांबार केलं असतं.’ मी हसले होते. तू घरात काहीतरी खटपट करावीस आणि तुझ्या रूममेटने टोमणे मारावेत, एवढंच मला त्यात दिसलं.

चौथीपर्यंत बाबांनी आपल्याला घरीच शिकवलं. दिवसभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुऊन ते यायचे आणि पाटी घेऊन बसायचे. चुकलेलं गणित तसंच ठेवून जेवायला उठायचं नाही, हा त्यांचा नियम. तू उठायचास. ‘मामा, भूक गणितापेक्षा मोठी असते,’ म्हणायचास आणि बाबाही हसायचे. मला उठता यायचं नाही. तुझं पत्रही मी चुकलेल्या गणितासारखंच वाचलं. तुझी चूक दुसऱ्या वाचनात सापडली. रविवारी फोन करून ती एका वाक्यात सांगितली. ते वाक्य इथे पुन्हा लिहीत नाही. तू ओरडलास, ‘यार उपासना, तू ग्रेट आहेस!’ त्या दिवशी मी खूप खुशीत होते. हे लिहायला नको वाटतं, पण तसं होतं.

नऊ तारखेला, शनिवारी, बरणीतलं आधी कुशल प्यायला. त्याला उलटी झाली आणि त्यातलं काही फुप्फुसात गेलं. डॉक्टरांना तू सांगितलंस की बाहेरचं जेवण बाधलं. दोन दिवस ते त्याच समजुतीने उपचार करत राहिले. सोमवारी सकाळी तुझा रडत फोन आला, ‘कुणाला बोलू नकोस, आपल्या दोघांच्याही व्हिसाची वाट लागेल.’ तो तुझा शेवटचा फोन.

फोन ठेवल्यावर मी तुझं पत्र पुन्हा काढलं आणि पहिल्यांदाच शेवटचं पान उलटून पाहिलं. मागे तू हार्डवेअरच्या दुकानातल्या डब्याचं चित्र काढलं होतंस. त्याला डोळे, मिशा, आणि पोटावर लेबल, अगदी अक्षर न् अक्षर. पेंट थिनर. मी प्रयोगशाळेत वाढलेली मुलगी. बरणीत ओतायला तुझ्याकडेही प्रयोगशाळेतल्यासारखं शुद्ध काहीतरी असेल असं गृहीत धरलं होतं. विचारलं नाही. जेवढं विचारलं होतंस तेवढ्याचंच बरोबर उत्तर दिलं.

लहानपणी दर रविवारी आपण पंचशील म्हणायचो. मला स्वतःला काही प्यायचं नव्हतं, म्हणून पाचव्या, नशा न करण्याच्या शीलाशी आपला संबंध नाही असं मी धरून चालले. पहिलं शील, कुणाला इजा न करण्याचं, ते तर मनातही आलं नाही.

सोमवारीच मी हॉस्पिटलला फोन करून ते लेबल डॉक्टरांना वाचून दाखवलं. बरणीत आणखी काय होतं तेही सांगितलं. त्यांनी माझं नाव विचारलं. मी दिलं, स्पेलिंगसकट. तुझं त्यांनी विचारलं नाही. मंगळवारी माझ्या प्रोफेसरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डिपार्टमेंटचा निर्णय होईपर्यंत लॅबमध्ये येऊ नकोस म्हणाले. तेव्हापासून मी घरी आहे. व्हिसाचं काय होईल, माहीत नाही. रत्नाआत्याला किंवा बाबांना अजून काही कळवलेलं नाही.

पण पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. काल संध्याकाळी कुशलचा फोन आला होता. आवाज बसलाय, दोन शब्दांमागे थांबावं लागतं. नर्सने त्याला एवढंच सांगितलंय : ‘तुझ्या जवळच्या कुणीतरी फोन करून खरं सांगितलं, म्हणून तू वाचलास.’ तो समजतो की ते तू सांगितलंस. ‘राकेशने माझ्यासाठी स्वतःची नोकरी पणाला लावली, आणि भेटायला येत नाही. लाजतोय का साला?’ असं म्हणून हसायला गेला तर त्याला खोकल्याची ढास लागली. मी त्याचा गैरसमज तसाच राहू दिला. उद्या तुझ्या हातात पडावं म्हणून हे ओव्हरनाइट कुरिअरने पाठवते आहे. शनिवारी अकरा वाजता त्याला घरी सोडणार आहेत आणि न्यायला कुणी नाही. राकेश गाडी घेऊन येईल, असं मी त्याला सांगून ठेवलंय. जा. आणि फोन कुणी केला होता ते त्याला तूच सांग, गाडी सुरू करण्याआधी, म्हणजे तुझ्यासोबत यायचं की नाही हे त्याला ठरवता येईल.

तुझीच,
उपासना