चंद्राबाईची बिजागरी

मी, नाथाजी बाबाजी निकम, वय वर्षे बासष्ट, राहणार पोवई नाका, सातारा, पूर्वी लष्करात मोटारींचा मिस्त्री व त्यानंतर पंचवीस वर्षे टांग्यांच्या कमानी बसवणारा, आज हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहून ठेवतो. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि औषध न लिहिताच ती पिशवीत ठेवली, म्हणून घाई. डोके शाबूत आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही व कोणाचे दडपणही नाही. उलट माझी पत्नी सौ. चंद्राबाई सकाळपासून म्हणते आहे, "आवं, आदी जेवा. मग मरायचं लिवा."

कलम १. राहते घर, परस, म्हैस आणि पोस्टातले पुस्तक चंद्राबाईच्या नावे. ती हयात असेतो कोणीही तिला "आई, ही खोली रिकामी कर" असे म्हणू नये. म्हटल्यास तिने काय करावे हे मी लिहीत नाही. तिला ते माहीत आहे.

कलम २. औंधच्या वाटेवरची जिराईत जमीन चिरंजीव मानसिंग यास. तो पलटणीबरोबर इटलीपर्यंत जाऊन आला आणि आता साताऱ्याचे सगळे रस्ते त्याला अरुंद वाटतात. जमीन त्याने कसावी किंवा वाट्याने लावावी, पण शेतात उभे राहून जीपगाडीच्या गोष्टी सांगू नयेत. बैल बुजतात.

कलम ३. कारखान्यातली हत्यारे, ऐरण, भाता, शेगडा व नट आवळायचे सर्व पाने कन्या अंजना हिला. जावयास नव्हे, अंजनेस. जावई सज्जन आहेत, पण त्यांच्या गुऱ्हाळावरचे तेलाचे इंजिन बंद पडले की ते त्याला नारळ फोडतात. अंजना पदर खोचून ते चालू करते आणि नारळाची चटणी वाटते.

कलम ४. फटफटी. हिच्यासाठी थोडे सविस्तर लिहावे लागेल.

सन १९३८ च्या दिवाळीत मी महाबळेश्वरास एका साहेबाच्या रिकाम्या बंगल्यावर बग्गीची कमान बदलायला गेलो होतो. माळी कोंडीबा मला गवताच्या खोपीत घेऊन गेला. तिथे एक विलायती फटफटी उभी होती आणि तिच्यावर सात कोंबड्या बसल्या होत्या. साहेब विलायतेला गेले ते गेलेच, आणि जाताना कोंडीबाला म्हणाले होते की ही तू ठेव. चौदा पावसाळ्यांनी टाकीची चाळण केली होती. कोंडीबा म्हणाला, "न्या गड्या, पर कोंबड्यास्नी दुसरी दांडी करून द्या." मी बाभळीची दांडी ठोकून दिली आणि फटफटी बैलगाडीत घालून घाट उतरलो.

इंजिनाचा दट्ट्या नळीत चिकटला होता. रॉकेल आणि खोबरेल एकत्र करून आठ दिवस भिजत ठेवला, नवव्या दिवशी लाकडी ठोकळ्याने सुटला. टाकीला कल्हईवाल्याकडून ठिगळे लावली. विजेच्या डब्यातली तार मी स्वतः गुंडाळली. तीन वेळा चुकली, चौथ्यांदा ठिणगी पडली. चैत्रात फटफटी बोलली तेव्हा शेजारी आप्पासो जगदाळे यांचे कोंबडे भर दुपारी आरवले. त्यांची तक्रार अद्याप चालू आहे. या मृत्युपत्राने मी ती फेटाळतो.

मग मी चंद्राबाईला मागे बसवून औंधला यमाईच्या दर्शनाला निघालो. त्या काळच्या फटफटीचे मागले चाक सांगाड्यात घट्ट जखडलेले असते. धक्का झेलायला कमान नाही, काही नाही. खड्डा जसाच्या तसा बसणाऱ्याच्या पाठीत. दुसऱ्या मैलाला चंद्राबाई ओरडली, "थांबवा! ही फटफटी हाय का उखळ?" ती उतरली आणि चालू लागली. मी शेजारून हळूहळू चालवत मनधरणी करत होतो. ती म्हणाली, "जगाच्या टांग्याला कमानी बसवता. बायकूची पाठ दिसली न्हाई व्हय कवा?"

हे मला लागले.

कलम ५. त्यानंतर दीड वर्ष खपून मी फटफटीचा मागचा भाग करवतीने कापून नव्याने केला. चाक एका लोखंडी चिमट्यात धरले, चिमटा सीटखाली बिजागरीवर टांगला आणि दोन्ही बाजूंना टांग्याच्या अर्ध्या कमानी दिल्या. आता चाक खड्ड्यात वरखाली होई आणि बसणारा जागेवर राही. त्या वेळी साताऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवणारे विष्णुपंत केशव आठल्ये दर रविवारी माझ्याकडे येऊन स्टुलावर बसत. त्यांना यंत्रांचे वेड. ते माप घेत, मी लोखंड तापवी. असा मित्र मला पलटणीतही मिळाला नव्हता.

पाठ वाचली, पण साखळी तुटू लागली. चाक वर गेले की ती ताणे, खाली आले की लोंबे. तीनदा तुटली. पंत म्हणत साखळी हलकी आहे, मी म्हणे पंतांचे माप हलके आहे.

चौथ्यांदा तुटली ती रहिमतपूरच्या अलीकडे, माघात. रस्त्याकडेला कोणाच्या तरी खळ्यावर जोंधळ्याची मळणी चालली होती. मी मांडी घालून कड्या जोडत होतो, मागून सायकलवर आलेले पंत कपाळ पुसत होते, चंद्राबाई बांधावर बसून बैल पाहत होती. ती म्हणाली, "त्या बैलाचं दावं का तुटत न्हाई?"

मी म्हणालो, "का तुटेल? मधल्या तिवड्याच्या खांबाला बांधलंय आणि त्याच्याभोवतीच फिरतोय."

"मग तुमी दावं बांदलंय एका खांबाला, आन् बैल फिरवताय दुसऱ्याच खांबाभवती. तुटंल न्हाई तर काय हुईल?"

पंतांनी पट्टी काढली, मी हातातली कडी खाली ठेवली. साखळी सुटते इंजिनापाशी, पुढच्या दातेरी चाकावरून; आणि मागचे चाक वरखाली झुलत होते वीतभर वरच्या बिजागरीभोवती. मी घरी येऊन बिजागरी खाली, दातेरी चाकाला जवळजवळ चिकटवून बसवली. साखळी आजतागायत तुटलेली नाही.

कलम ६. हे कलम लिहिण्यासाठी खरे तर बाकीचे मृत्युपत्र.

पंत निवृत्त होऊन सांगलीस विश्रामबागेत राहायला गेले. सन १९४२ च्या जानेवारीत तिकडे यंत्रांचे एक प्रदर्शन भरले. लढाईमुळे पेट्रोल चिठ्ठीवर मिळत होते. तरी मी महिनाभर साठवून, चंद्राबाईला मागे बसवून, साताऱ्याहून सांगलीला गेलो. फटफटी मांडवात उभी केली. तिच्या मागे पंतांनी काढलेली भलीमोठी आकृती, आणि खाली लिहिलेले: "कल्पना व रेखन: वि. के. आठल्ये." पदक त्यांना मिळाले.

मी भर मांडवात ओरडलो, "कल्पना माझी आहे!"

पंत म्हणाले, "नाथाजीराव, लोहारकाम तुमचं. कल्पना माझी."

शे-दीडशे माणसे ऐकत होती. त्यांच्यामागे बायकांच्या दोरीपलीकडे चंद्राबाई उभी होती.  परत येताना कऱ्हाडात चहाला थांबलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तुमी दोगंबी लय शाने." इंजिनाच्या आवाजात ऐकू आले नाही असे मी दाखवले. इंजिन बंद होते.

त्या दिवसापासून मी पंतांशी बोललो नाही. चार वर्षे दहा महिने मी गावभर सांगितले की ब्राह्मणाने माझी अक्कल चोरली. मागच्या आठवड्यात डॉक्टर गेल्यावर मी तिला विचारले, तू तेव्हा का बोलली नाहीस?

ती म्हणाली, "मांडवात माजं कोन ऐकनार हुतं? आन् पदक घिऊन मी काय करू? तुमी घरात तरी म्हनाल, असं वाटलं हुतं."

म्हणून मी लिहून देतो की बिजागरी कुठे असावी ही अक्कल चंद्राबाई नाथाजी निकम हिची. ना माझी, ना पंतांची. मी हे खळ्यावरच्या त्या दिवसापासून जाणत होतो.

कलम ७. फटफटी चंद्राबाईच्या मालकीची. ती म्हणेल तेव्हा मानसिंगने तिला ती म्हणेल तिथे न्यावे व वाटेत इटली काढू नये. तिच्या मर्जीवाचून कोणी ती विकू नये, आणि मागच्या भागाला कोणी शहाण्याने हात लावू नये.

कलम ८. शेजारी आप्पासो यांना मी काहीही ठेवलेले नाही. म्हणूनच त्यांना साक्षीला घेतले आहे.

पुरवणी. एवढे लिहून झाले आणि विष्णुपंत सांगलीहून सकाळच्या मोटारीने आले. मी कार्ड टाकले होते, येतील असे वाटले नव्हते. काखेत गुंडाळी होती. त्यांनी कलम सहा उभ्यानेच वाचले, मग स्टुलावर बसले.

"मला वाटलं, तुम्ही मला चोर लिहून ठेवणार."

"लिहिणार होतो, पंत. पण मग त्याच ओळीत माझंही नाव घालावं लागलं असतं."

ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "वहिनी, आमचं चुकलं."

चंद्राबाई आतूनच म्हणाली, "पंत, ते चित्र हाय का तुमच्याकडं? त्या दिशी गर्दीत मला दिसलंच न्हाई."

पंतांनी गुंडाळी ओसरीवर उलगडली. चारी कोपऱ्यांवर माझे पाने ठेवले. चंद्राबाईने बराच वेळ पाहिले आणि एका ठिपक्यावर बोट ठेवले. "ही व्हय बिजागरी? लय बारीक काढलीया."

पंत मला म्हणाले, "आकृती तरी माझी होती, तेवढं लिहा." लिहितो: आकृती सर्वस्वी त्यांची, आणि ती सुरेख आहे. मग त्यांनी शाई मागितली, आपले नाव 'रेखन' या शब्दापुढे ठेवले आणि 'कल्पना' या शब्दापुढे नवे नाव घातले. चंद्राबाईला अक्षरे येत नाहीत. तिने विचारले, "माजं नाव कुटनं कुटवर हाय?" पंतांनी टाकाच्या मागच्या टोकाने दाखवले, इथून इथवर.

"आगं बया," ती म्हणाली, "केवडं लांब हाय."

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला, पुरवणीसह तो माझा व खरा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली.

नाथाजी बाबाजी निकम

साक्षीदार:
१. विष्णुपंत केशव आठल्ये, विश्रामबाग, सांगली. (कलम सहा खरे आहे. वि. के. आ.)
२. आप्पासो भाऊ जगदाळे, पोवई नाका, सातारा. (कोंबड्याची तक्रार कायम.)

मुक्काम सातारा, मंगळवार, तारीख १२ नोव्हेंबर १९४६