नापास डिस्कवरचे आवाज

प्रिय चिमणे,

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी भाषण सुरू करतो आणि तू "मामा, ठेवते आता" म्हणून खरंच ठेवतेस. कागदाला ती सोय नाही. नव्या शहरात बस्तान बसलं असेल, खोलीत ऊन येत असेल, नोकरीतले लोक बरे असतील असं धरून चालतो. इकडची बातमी सांगायची तर मला गेले काही दिवस माणसांची शिसारी आली आहे. मालकांची नव्हे, त्यांची सवय झाली. आपल्याच माणसांची.

संघटनेच्या खोलीतला तो राखाडी कॉम्प्युटर तुला विसरता येणार नाही. दगडाची भुकटी करणाऱ्या कारखान्यात ज्यांची फुप्फुसं गेली, त्यांच्या जबान्या तू घरोघर फिरून रेकॉर्ड केल्यास आणि त्याच यंत्रात साठवून ठेवल्यास. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. त्यांच्या बायकापोरांची भरपाईची सुनावणी तोंडावर आली आहे, आणि कारखान्याचा वकील म्हणतो की ही माणसं दगड दळणाऱ्या यंत्राजवळ कधी कामाला नव्हतीच. ती होती, हे सांगणारे त्यांचे स्वतःचे आवाज तेवढे त्या डिस्कवर आहेत. दुसरीकडे कुठेही नाहीत. का नाहीत, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? "संघटनेच्या जबान्यांची कोणतीही प्रत कोणीही काढू नये" हा ठराव तुझ्यासाठीच तर झाला. तू घरी एक प्रत ठेवलीस एवढ्यावरून तुला फितूर ठरवलं, तुझा लॅपटॉप टेबलावर ठेवायला लावला आणि सगळ्यांच्या देखत एकेक फाइल पुसायला लावली. मी त्या दिवशी घसा फुटेस्तोवर बोललो आणि मतदानात पडलो. टाळ्या मात्र मलाच जास्त पडल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांनीच हात वर करून तुला बाहेर काढलं. ते हात अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

तर महिन्याभरापूर्वी यंत्र अडखळायला लागलं. आतून कट्‌कट्‌ आवाज, मध्येच थिजणं. आपल्या वायरमनने डिस्कची चाचणी लावली. पडद्यावर लाल अक्षरांत आलं की डिस्क नापास आहे, केव्हाही बंद पडेल, असेल ते ताबडतोब दुसरीकडे उतरवून घ्या. शाळकरी पोरालाही कळेल इतकं सरळ. पण आमच्या खोलीत सरळ गोष्ट शिरली की तिला आधी सूचक लागतो, मग अनुमोदक. अध्यक्षांनी चष्मा पुसून विचारलं, "उतरवून घ्यायचं म्हणजे प्रतच ना?" चिटणीस, ज्याला आपण ठरावसाहेब म्हणतो, त्याने मान डोलावली आणि ठरावाचा क्रमांक तोंडपाठ म्हणून दाखवला. प्रत काढायची तर ठराव बदलायला हवा, ठराव बदलायचा तर सर्वसाधारण सभा हवी, सभेला आगाऊ नोटीस हवी. मी म्हटलं, डिस्कला नोटीस कोण देणार? हसले. हसून झाल्यावर पुढचा विषय घेतला.

इथवरचा मूर्खपणा मला पचला असता. आयुष्य समित्यांत गेलंय, पोट दगडाचं झालं आहे. पुढचं पचत नाही. अध्यक्ष म्हणाले, एका चाचणीवरून निर्णय घेणं घाईचं होईल, पुन्हा लावा. पुन्हा लावली, पुन्हा नापास. ठरावसाहेब म्हणाला, हे यंत्र सगळ्यांनाच असं घाबरवतं, लहान चाचणी लावून बघा. लहान चाचणी पास झाली आणि, तुला खोटं वाटेल, लोकांनी टाळ्या वाजवल्या. खजिनदार मला म्हणाला, "बघा वक्ते, उगाच बोंबलत होतात." मग कुणीतरी शंका काढली म्हणून परत मोठी लावली. ती नापास. मग परत लहान. रोज सभेच्या सुरुवातीला चाचणी, जशी काही हजेरी. निवडणुकीत हरलेला उमेदवार फेरमोजणी मागतो ना, हवा तो आकडा येईपर्यंत, तशी ही माणसं त्या लोखंडाच्या तुकड्याकडून आपल्या बाजूचं मत वसूल करत होती. आणि प्रत्येक वेळी तो कट्‌कट्‌ आवाज थोडा मोठा होत होता. मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो आणि ज्यांच्याबरोबर लाठ्या खाल्ल्या त्या माणसांचे निवांत चेहरे बघत होतो. सत्य नकोसं झालं की सत्ताधारी तपासणी परत करायला लावतात, हे मी व्यासपीठावरून किती वर्षं सांगत आलो. कारखान्याच्या डॉक्टरने आपल्या माणसांच्या छातीचे फोटो असेच पुन्हा पुन्हा काढले होते, एखादा स्वच्छ येईपर्यंत. आता आमची खोली आणि त्याचा दवाखाना यांत फरक काय, तर आमच्याकडे चहा फुकट.

शेवटच्या सभेला विषय होता, आज मोठी चाचणी लावायची की लहान. त्यावर मतदान घेणार होते. मी बोलायला उठलो, सगळे सावरून बसले. मी सरळ यंत्राकडे गेलो. वायरमनच्या पिशवीतला स्क्रूड्रायव्हर घेतला, यंत्राची वायर काढली, डबा उघडला आणि डिस्क बाहेर काढून मफलरमध्ये गुंडाळली. ठरावसाहेब ओरडला, "वक्ते, ही चोरी आहे, इतिवृत्तात येईल." मी म्हटलं, शुद्धलेखन नीट कर. माझ्यामागे निषेधाचा ठराव एकमताने झाला म्हणे. बऱ्याच वर्षांनी काहीतरी एकमताने झालं, त्याचं श्रेय मला.

डिस्क आता गेलेला डेटा काढून देणाऱ्या बाईंच्या दुकानात आहे. बाई फटकळ आहेत. आम्ही किती वेळा चाचण्या लावल्या ते ऐकून म्हणाल्या, "काका, दम लागलेल्या माणसाला रोज जिना चढायला लावायचा आणि वर विचारायचं, अजून चढवतं का? कुणाची अक्कल ही?" मी संघटनेचं नाव सांगितलं नाही. लाज वाटली. बंद आहे तोवर ती आणखी बिघडणार नाही, पण एकदा सुरू केली की किती वेळ तग धरेल ते बाई सांगू शकत नाहीत. मध्येच बसली तर उरलेलं कायमचं गेलं. म्हणून त्यांनी विचारलं, आधी कुणाचं काढू? नावं सांगाल त्याच क्रमाने काढते.

चिमणे, त्यासाठी हे पत्र. ज्यांची सुनावणी आहे ती माणसं आधी, हे मी तिथल्या तिथे सांगू शकलो असतो. त्यांच्या पोरांची भाकरी त्या आवाजांवर आहे. त्याच डिस्कवर तुझ्या आईचाही आवाज उरला आहे, पण तिचा दावा तर केव्हाच फेटाळला गेला, ठेकेदाराची झाडूवाली म्हणून ती कारखान्याची कामगारच नव्हती असं लिहून. तिच्या जबानीने कोर्टात काही सिद्ध होत नाही. तिच्या जबानीत आहे तरी काय? अर्धा वेळ ती खोकते, आणि उरलेला वेळ तुला सांगते की ते यंत्र बाजूला ठेव, आधी दोन घास खा, किती वाळली आहेस. न्यायाने तिचा नंबर शेवटचा लागतो, आणि शेवटपर्यंत डिस्क पोचेल असं बाईंना वाटत नाही. तुझ्याकडची प्रत आपल्या लोकांनी पुसायला लावली नसती तर हा प्रश्न पडलाच नसता, आणि त्याबद्दल मी त्यांना मरेपर्यंत माफ करणार नाही. पण प्रश्न पडला आहे. तिच्या आवाजावर पहिला हक्क तुझा आहे, म्हणून तुझं उत्तर येईपर्यंत डिस्कला हात लावू नका असं सांगून आलो आहे. आधी आईचा म्हणालीस तर आधी तिचा काढीन आणि बाकीच्या घरांना मी स्वतः तोंड देईन. शेवटी म्हणालीस तर तू इकडे ये, डिस्क चालेल तोवर दुकानात तुझ्या शेजारी बसेन. वक्ता म्हणून माझ्याकडे उत्तर तयार आहे, पण ती माझीही ताई होती, आणि ते उत्तर माझ्या तोंडून निघत नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा, तुझाच,
मामा