भुजंगाची मावशी

पिंपळगाव रेणुकाई

प्रिय बेबीअक्का,

फोनच करणार व्हते. पण मी फोन धरला की सासूबाई जवळ येऊन बसत्यात, अन् मला जे सांगायचं ते त्यांच्यापुढं सांगवत न्हाई. म्हणून लिहून राह्यले. सातवीनंतर लिहायची सवय मोडली, चुकलं तर समजून वाच. भाऊजींना दाखवू नको.

अक्का, मला तुझा राग येऊन राह्यला. घे, लिहिलं एकदाचं. मागच्या साली माझं पोटातलं बाळ गेलं, आधी दवाखाना अन् मंग अंथरूण, तव्हा तू रेणूला वडीगोद्रीला नेलंस. चार महिने पोटच्या पोरीवानी सांभाळलंस. सगळं कबूल. पण तू परत धाडलेली पोरगी मला माझी वाटंना. वेणी घालायला बसले की म्हणती, मावशी अशी ओढत न्हाई. वरण वाढलं की म्हणती, मावशी त्यात गूळ टाकती. सासूबाई म्हणल्या, बहिणीनं पोरगी पाठवली का आणखी एक सासू पाठवली गं? सगळे हसले. मी चुलीकडं तोंड केलं.

अन् तो तुझा वरवंटा! तुझ्याकडं मिक्सर आला म्हणून जुना वरवंटा पोरीला द्यायचा व्हय? तिनंच मला सांगितलं सगळं. तुझ्या शेजारच्या द्वारकाबाईच्या नातवाच्या बारशाला बायांनी तुझाच वरवंटा नेऊन फडक्यात गुंडाळला, पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींना दिला. रेणूला वाटलं, बाळं दोन हायत. एकाचं नाव ठेवलं, पेढे वाटले, अन् दुसऱ्याला बिननावाचं पाट्यापाशी टाकून दिलं. ती रडायची थांबंना, म्हणून तू त्याचं नाव भुजंग ठेवलंस, काळा अन् लांब म्हणून. आता माझ्या घरात भुजू अंघोळ करतो, भुजूला टोपडं लागतं, भुजू झोपला की आम्ही हळू बोलायचं. सकाळी माझ्या आधी त्याला हाक असती.

मीबी एक दिवस आमचा वरवंटा घासूनपुसून माझ्या लग्नाच्या शालूच्या तुकड्यात गुंडाळला अन् तिच्या मांडीवर दिला. तिनं फडकं सारून बघितलं अन् म्हणली, मम्मी, हा तर दगड हाय.

तिचा खेळ मी दाराआडून ऐकते. त्याला सुपात निजवती अन् थोपटती. म्हणती, रडू नको राजा, तुझी मम्मी दवाखान्यात गेली, मी तुझी मावशी हाय ना. मी आत जाऊन इचारलं, त्याची मम्मी कधी येती गं? म्हणली, ती येत न्हाई, झोपूनच राहती.

परवा माझं डोकंच फिरलं. रेणू अंगणवाडीत गेल्ती. मी भुजंगाचं फडकं सोडलं अन् त्याच्यानं लसूण-मिरची वाटली. आमचा वरवंटा शेजारीच व्हता. जोर लावून वाटली, अक्का. ती आली, लाल झालेला भुजू बघितला, पण ओरडलीबी न्हाई. दुपारभर न्हाणीत बसून त्याचे डोळे धुतले. त्याला डोळे कुठं हायत? तिलाच ठाऊक. झोंबतं का, झोंबतं का म्हणत फुंकर घालत राह्यली. शेवटी माझ्यापुढं आणून धरला अन् म्हणली, मम्मी, माझी फुंकर पुरंना, तू घाल. मी घातली. लई वेळ घातली. माझेच डोळे झोंबून राह्यले व्हते.

आता ज्याच्यासाठी बसले ते लिहिते. मला आठवा लागला. मागच्यासारखं व्हईल म्हणून सासूबाईंनी कुणाला सांगू दिलं न्हाई, तुलाबी न्हाई. पाय सुजलेत, बीपी वाढलाय. डॉक्टरीणबाई म्हणल्या, जल्दी जालन्याला ॲडमिट व्हा, घरी थांबायचं बिलकुल न्हाई. सोमवारी जायचं हाय. मला भ्या वाटतं अक्का, कुणाला सांगू? रविवारी ये अन् रेणूला घेऊन जा. भुजंगालाबी ने, त्याचं टोपडं पिशवीत भरलंय. फक्त एवढं कर. तिच्या खेळात भुजूच्या मम्मीला घरी आण. रोज आण, चालत आण. अन् रेणूनं चुकून तुला मम्मी म्हणलं तर लगेच म्हण, मी मावशी. मी परत येईन तव्हा मला माझी जागा रिकामी पाहिजे. न्हाईच आले तर पुढचं मला लिहवत न्हाई, तू समजून घे. अन् वरणात गूळ किती टाकतेस, ते आल्यावर सांग.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
दैवशाला