पाठवणारी तीच, घेणारी तीच

१० जाने. १९९९, रविवार
उज्ज्वलासोबत नगरला. उद्या ती दोन महिन्यांसाठी हैदराबादला निघते, एम.फिल.च्या कामासाठी. सावेडीत इंटरनेटचं दुकान निघालंय, तिथं नेलं मला. "बाबा, इनलँड पोचायला आठवडा जातो. यातून लगेच." सब-पोस्टमास्तरला त्याच्याच लेकीनं हे ऐकवावं! राग आला, गिळला.
दुकानात चार मशीन. मालकीण नसरीनबाई, चाळिशीच्या, चटपटीत. उ.नं स्वतःच्या नावाची पत्रांची एक पेटी उघडली, आम्हा दोघांत मिळून. कुलूप नाही, एक शब्द आहे. तो कुठं लिहायचा नाही म्हणाली. लिहीत नाही.
पेटी ३ नंबरच्या मशीनमध्ये आहे. ध्यानात ठेवणे.

१७ जाने., रविवार
पाथर्डीहून सकाळची एस.टी., उभ्यानं. ३ नंबरवर कॉलेजातली मुलगी बसलेली. पाऊण तास थांबलो.
नसरीनबाई : "काका, एक नंबर मोकळा हाय की."
मी : "माझी पेटी तीनमध्ये आहे."
हसल्या. एक नंबरवर बसवलं. शब्द टाकला, आणि उ.चं पत्र तिथंही! इंग्रजी अक्षरांत मराठी. हळू आवाजात मोठ्यानं वाचलं तेव्हा कळलं. पोचली, जेवण तिखट आहे, जयभीम.
पण मग पत्र आहे कुठं? तीनमध्ये, एकमध्ये, की हैदराबादला?
"ही नुसती खिडकी समजा काका. सामान हितं नसतंच. लांब मोठी मशीनं हायत कंपनीची, त्यांच्याकडं राहतं. कुठल्याबी खिडकीतून मागा."
लांब म्हणजे? "अमेरिकेत असंल." ताबा कोणाचा? पोच कोण घेतं? बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळल्या. फोनची तार तर नगरच्या एक्स्चेंजपर्यंतच दिसते.

१९ जाने., मंगळ.
आमचा पोस्टमन किसन, त्याला सांगितलं सगळं. टपाल लावता लावता म्हणाला, "सायेब, पत्र हाय म्हंजी कुटंतरी ठिवलेलं असनारच. थैलीत न्हाई तर कपाटात. हवेत कसं ऱ्हाईल?" बरोबर आहे. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत एकही पत्र हवेत राहिलेलं पाहिलं नाही. घरी हिला विचारलं तर म्हणते, "लेकीचं पत्र मिळालं ना? मग झालं." कसं झालं?

३१ जाने., रविवार
उ.ची दोन पत्रं. ती तिथल्या संस्थेच्या पत्त्यावरून लिहिते, मी तिकडेच उत्तर देतो. एक बोट, एक अक्षर. चार ओळींना अर्धा तास.
आज नवीनच. पेटीत आणखी सहा लखोटे. पाठवणारी उज्ज्वला, घेणारीही उज्ज्वला, याच पेटीतून याच पेटीत. आत मजकूर नाही, नुसतं काहीतरी टाचलेलं. उघडायला गेलो तर मशीन अडकलं.
वर लाल अक्षरांत सूचना. नसरीनबाईंनी सांगितलं, पेटी भरत आलीय. भरली की नवीन पत्रं आत येणार नाहीत, परत जातील.
म्हणजे उ.चं पत्र परत जाणार? माझ्या देखत?

७ फेब्रु., रविवार
साफसफाई केली. आठवडाभर विचार करून केली, घाईनं नाही. पाठवणारा आणि घेणारा एकच, मजकूर नाही, नेणारं कोणी नाही. असं टपाल काउंटरवर साचू द्यायचं नसतं, हे नव्या माणसाला मीच शिकवतो. सहाही काढून टाकले. लाल सूचना गेली. बरं वाटलं.

१८ फेब्रु., गुरु.
ऑफिसात फोन. उ.
"बाबा, पेटीतलं माझं कुठं गेलं?"
प्रबंधाचे सहा भाग होते ते. ऊसतोडीच्या बायकांच्या मुलाखती, आठ महिने टाइप केलेलं. तिनं मुद्दाम स्वतःलाच पाठवून ठेवलं होतं, जिथं जाईल तिथं काढता यावं म्हणून. फ्लॉपी खराब निघाली, म्हणून पेटीत बघायला गेली. मार्चअखेर द्यायचंय. रडत होती. "कंपनीनंच घोळ घातला असणार," म्हणाली.
मी "बघतो" म्हणालो. एवढंच. आळ कंपनीवर जाऊ दिला. किसन समोर उभा होता, त्याच्याकडं बघवेना. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

२१ फेब्रु., रविवार
नसरीनबाईंना खरं सांगितलं. त्यांनी कचऱ्याची टोपली म्हणून एक जागा असते ती उघडली. रिकामी. "ती आपोआप साफ होती काका. आठवडा उलटला की गेलं."
गेलं म्हणजे कुठं?
"आता ते मला न्हाई सांगता येनार."
उ.ला लिहिलं. मीच काढलं. तुझी पत्रं परत जाऊ नयेत म्हणून काढलं. आणि फोनवर गप्प बसलो, ते जास्त वाईट केलं. लिहायला दीड तास. बटण दाबल्यावर पत्र गेलं की नाही, कळायला काही मार्ग...
घरी हिलाही सांगितलं. ताट वाढते आणि आत निघून जाते.

२८ फेब्रु., रविवार
उ.चं उत्तर. दोन ओळी.
"बाबा, हाताने लिहिलेल्या वह्या आहेत. परत टाइप करतेय, होईल तेवढं. तुम्ही आता काही काढू नका. जयभीम."
रागावली आहे की नाही, या अक्षरांवरून समजत नाही. हातानं लिहिलं असतं तर समजलं असतं.

१ मार्च, सोम.
आमच्याकडं ज्या पत्राला ना घेणारा सापडतो ना पाठवणारा, ते आर.एल.ओ.ला, म्हणजे बेवारशी पत्रांच्या कचेरीत जातं. तिथं माणूस बसलेला असतो. उघडून बघतो, काही दिवस जपून ठेवतो. लगेच फाडत नाही कोणी. एवढ्या मोठ्या कंपनीत असं एक टेबल नसेल?
अर्ज लिहिला, एक पान, दोन प्रती. सहा लखोटे, प्रत्येकाची मी टिपून ठेवलेली तारीख, मालकीण उज्ज्वला, चूक सर्वस्वी माझी. किसनला वाचून दाखवला.
"झ्याक झालाय, सायेब. आता पत्ता टाका."
नसरीनबाईंना फोन केला. कंपनीचं नाव दिलं त्यांनी. गल्ली, गाव, पिन? "तसलं काय नसतं काका त्याला."
परदेशचं तिकीट लावलंय. थैली चारला बंद होते. पाकीट समोर आहे, पत्त्याची जागा कोरी, आणि किसन मोहोरेची लाख घेऊन उभा आहे.